बंगळूरची टाटा इन्स्टिट्यूट

बंगळूरच्या यशवंतपूर भागात रिक्षावाल्याला ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स’ असे पूर्ण नाव सांगितले, तर तो क्षणभर विचारात पडण्याची शक्यता असते. ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हटले, की लगेच मान हलवतो. शहराचे अधिकृत नाव बंगळूरू झाले, रस्त्यांवर उड्डाणपूल आले, डोक्यावरून मेट्रो धावू लागली, पण जुन्या लोकांच्या तोंडचे हे नाव काही बदलले नाही. गंमत म्हणजे ज्या जमशेटजी टाटांच्या नावाने सारे शहर या संस्थेला ओळखते, त्यांनीच संस्थेला आपले नाव नको असे सांगून ठेवले होते.

मल्लेश्वरम् आणि यशवंतपूर यांच्या शेजारी सुमारे चारशे एकरांवर हा परिसर पसरला आहे. फाटकाबाहेर मोटारींची न संपणारी रांग आणि भोंग्यांचा कलकलाट. आत पाऊल टाकले, की दोन्ही बाजूंच्या झाडांनी रस्त्यावर मांडव घातलेला. रस्त्यांना नावेही झाडांचीच : गुलमोहर मार्ग, महोगनी मार्ग. विद्यार्थी सायकलींवरून या प्रयोगशाळेतून त्या प्रयोगशाळेत जाताना दिसतात. शंभर वर्षांपूर्वी इथे बहुतेक उजाड, खडकाळ माळ होता, हे सांगूनही पटू नये. आता इथे इतकी झाडी आहे, की लोरिस नावाचा, मोठ्या डोळ्यांचा आणि वळचणीला लाजून बसणारा निशाचर प्राणी भर शहरात या फांद्यांवर टिकून आहे.

परिसराच्या मध्यभागी करड्या दगडाची, उंच मनोऱ्याची मुख्य इमारत आहे. मुंबईकराला ती पाहताना काहीतरी ओळखीचे वाटले तर नवल नाही. तिचा आराखडा सी. एफ. स्टीव्हन्स यांनी केला. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, बांधणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स हे त्यांचे वडील. इमारतीसमोर जमशेटजींचा पुतळा आहे. गिल्बर्ट बेझ या इंग्रज शिल्पकाराने तो घडवला आणि १९२२ साली तो इथे उभा राहिला. पुतळ्याच्या हातात याच इमारतीची छोटी प्रतिकृती आहे. आपले नाव नको म्हणणाऱ्या माणसाच्या हातात लोकांनी अखेर सारी संस्थाच ठेवली!

मुंबईची घरे, नागपूरची गिरणी

जमशेटजी टाटा मूळचे नवसारीचे. त्यांच्या उद्योगाचा पाया मात्र बराचसा महाराष्ट्राच्या मातीत घातला गेला. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि कापसाने त्यांना नाव व पैसा दिला. १८९३ साली जपानहून अमेरिकेकडे जाणाऱ्या बोटीवर त्यांची स्वामी विवेकानंदांशी गाठ पडली. स्वामी शिकागोच्या धर्मपरिषदेला निघाले होते. या प्रवासातल्या बोलण्याची आठवण ठेवून २३ नोव्हेंबर १८९८ रोजी जमशेटजींनी त्यांना पत्र लिहिले आणि देशात विज्ञानसंशोधनाची संस्था काढण्याच्या आपल्या बेताला साथ मागितली.

बेत नुसता कागदावर नव्हता. मुंबईतल्या आपल्या इमारती आणि जमिनी, त्या काळच्या हिशेबाने सुमारे तीस लाख रुपयांची मालमत्ता, त्यांनी यासाठी काढून ठेवली होती. तिचे वर्षाचे उत्पन्न सव्वा लाखाच्या घरात होते. म्हणजे मुंबईच्या भाडेकरूंनी महिन्याच्या महिन्याला भरलेल्या भाड्यातून पुढे बंगळूरच्या परीक्षानळ्या विकत घेतल्या गेल्या, असे म्हणायला हरकत नाही. परदेशांतल्या विद्यापीठांचा कारभार पाहून येण्यासाठी जमशेटजींनी आपले विश्वासू सहकारी बर्जोरजी पादशहा यांना युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवले.

१८९८ च्या अखेरीस नवे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन मुंबईत उतरले, तेव्हा संस्थेची योजना घेऊन एक शिष्टमंडळ त्यांना भेटले. कर्झनसाहेबांना दोन शंका होत्या. एवढ्या उच्च शिक्षणासाठी या देशात विद्यार्थी मिळतील का? आणि मिळाले, शिकले, तर त्यांना नोकऱ्या कोण देणार? पुढची कित्येक वर्षे या शंकांचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. सर विल्यम रॅम्झे या नामवंत रसायनशास्त्रज्ञाला १९०० साली हिंदुस्थानात बोलावून पाहणी करवली गेली. त्यांनी हवामान आणि इतर सोयी पाहून बंगळूरचे नाव पुढे केले. दुसऱ्या समितीने पुन्हा तपासणी केली. रुरकीचेही नाव निघाले.

म्हैसूर संस्थानचे दिवाण शेषाद्री अय्यर यांनी मात्र ही संधी ओळखली. त्या वेळी राजपुत्र वयाने लहान असल्याने कारभार राजमाता केंपनंजम्मण्णी यांच्या हाती होता. पुढे १९०७ साली संस्थानने ३७१ एकर जमीन दिली आणि पैशाचेही साहाय्य केले. ज्या संस्थेच्या दारात नंतर एका मुलीला ताटकळावे लागले, तिच्या जागेच्या पहिल्या बोलण्यांच्या वेळी राज्याची सूत्रे एका स्त्रीकडे होती, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

जमशेटजींनी यातले काहीच पाहिले नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. दोराबजी आणि रतनजी या मुलांनी वडिलांचा शब्द पाळला. २७ मे १९०९ रोजी सरकारी आदेश निघून संस्था कायदेशीरपणे जन्माला आली. पहिले संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स हे रॅम्झे यांच्या बरोबरीने निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन या वायूंचा शोध लावणारे शास्त्रज्ञ होते. १९११ च्या जुलैमध्ये रसायन आणि विद्युत विभागांत पहिले विद्यार्थी दाखल झाले. कर्झनसाहेबांच्या पहिल्या शंकेचे उत्तर मिळाले होते.

संस्थेचा सामान्य माणसाला उपयोग काय, या प्रश्नालाही लवकरच उत्तर मिळाले, आणि तेही सुवासिक. म्हैसूरचे चंदन तेल काढण्यासाठी युरोपात जात असे. पहिल्या महायुद्धामुळे तो व्यापार थांबला आणि लाकडाचे ढीग पडून राहिले. तेव्हा संस्थेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी इथेच चंदनाचे तेल काढण्याची पद्धत बसवली आणि १९१६ साली म्हैसूर सरकारचा तेलाचा कारखाना उभा राहिला. घरोघरी पोहोचलेला म्हैसूर सँडल साबण हे त्याचेच पुढचे पाऊल. आज बंगळूर मेट्रोच्या एका स्थानकाचे नावच ‘सँडल सोप फॅक्टरी’ आहे.

कमला भागवत यांचे एक वर्ष

त्या पहिल्यावहिल्या काळात इथे शिकून गेलेल्यांत भागवत घराण्यातले दोघे भाऊ होते, नारायणराव आणि माधवराव. दोघेही रसायनशास्त्राचे. नारायणरावांच्या घरात मुलींच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. त्यांची एक मुलगी दुर्गा. तीच पुढे मराठी वाचकांच्या दुर्गाबाई भागवत झाली. दुसरी कमला, जन्म १९११ चा. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच आपणही संशोधन करायचे, हे कमलाने मनाशी ठरवून टाकले होते. १९३३ साली रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन ती मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली आणि तिने बंगळूरला अर्ज पाठवला.

त्याच वर्षी संस्थेच्या संचालकपदी पहिला भारतीय माणूस आला होता : सर चंद्रशेखर वेंकट रामन. तीनच वर्षांपूर्वी नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी साऱ्या देशाची मान उंच केली होती. अर्जाचे उत्तर आले, ते नकाराचे. कारण गुणांचे नव्हते. अर्जदार स्त्री होती, एवढेच.

घरातल्या वडीलमाणसांच्या विनवण्यांनीही काही साधले नाही. तेव्हा कमला स्वतः बंगळूरला जाऊन रामन यांच्यासमोर उभी राहिली. आपल्याला का नाकारले, ते सांगा, हा तिचा प्रश्न होता, आणि प्रवेश मिळेपर्यंत आपण इथून हलणार नाही, दारात सत्याग्रह करू, असे तिने बजावले. १९३३ साल हे. गांधीजींचा शब्द घरोघरी पोहोचलेला. तरी बावीस वर्षांच्या मुलीने नोबेल विजेत्या संचालकासमोर तो उच्चारणे याला काय धाडस लागले असेल, याची कल्पना केलेली बरी.

रामन नमले, पण अटी घालून. पहिले वर्षभर तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागेल. आणि तिच्या असण्याने प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये. तिसरी अट वाचताना आजच्या वाचकाला हसावे की चिडावे कळत नाही. मुलगे विचलित झाले, तर तो दोष मुलीचा!

कमलाने अटी मान्य केल्या. मार्गदर्शक म्हणून तिला श्रीनिवासय्या लाभले, हे तिचे भाग्य. ते शिस्तीचे कडक होते, पण शिकवताना त्यांनी मुलगा-मुलगी असा भेद केला नाही. दूध आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर ती काम करू लागली. वर्ष संपले, तेव्हा रामन यांनी तिचे काम पाहिले आणि तिला नियमित प्रवेश दिला. एवढेच नव्हे, तर त्यानंतर मुलींसाठी दारही उघडले. संस्थेच्या जुन्या नोंदींत तिच्याआधीच्या एखाद-दुसऱ्या विद्यार्थिनीचा उल्लेख सापडतो. पण मुलींनी इथे यावे की नाही हा वाद निकालात निघाला, तो या एका वर्षाच्या कामामुळे. १९३६ साली कमला भागवत विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. झाली.

पुढे ती केंब्रिजला गेली. तिथे वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हा श्वसनक्रियेतला महत्त्वाचा घटक असतो, हे तिने दाखवले. १९३९ साली तिला पीएच.डी. मिळाली. प्रबंध होता अवघ्या चाळीसेक पानांचा! विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असे तिचे वर्णन नेहमी केले जाते. खरे तर वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांनी १९३१ मध्येच अमेरिकेत डॉक्टरेट मिळवली होती. पण कमलाबाईंची थोरवी अशा पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर अवलंबून नाही.

परदेशात राहण्याची संधी असताना त्या परत आल्या. दिल्लीत आणि कुन्नूरला काम केल्यावर १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईत स्थायिक झाल्या. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवताना त्यांनी संशोधनाला जे विषय घेतले, ते सगळे स्वयंपाकघरातून उचललेले वाटतात : डाळी, कडधान्ये, तांदूळ, नीरा. कच्च्या कडधान्यांत काही घटक असे असतात, की ते प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या पाचक द्रव्याचे काम अडवतात. नीट शिजवले की त्यांचा जोर बराचसा ओसरतो. भारतीय अन्नपदार्थांतल्या अशा घटकांचा कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यास केला. आजी-पणजींनी कडधान्ये भिजवून, मऊ शिजवून खायला घातली, त्यामागचे शास्त्र असे प्रयोगशाळेत उलगडत गेले. ताडामाडाच्या ताज्या, न आंबलेल्या नीरेत गरिबांच्या पोषणाला उपयोगी पडणारे घटक आहेत, हे त्यांनी दाखवले आणि त्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ज्या संस्थेत शिकवले, तिच्या त्या पुढे संचालकही झाल्या. ग्राहकांच्या फसवणुकीविरुद्ध उभ्या राहिलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या कामात त्या होत्या आणि ‘आहारगाथा’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले.

बंगळूरचा तो नकार त्या विसरल्या नाहीत. रामन शास्त्रज्ञ म्हणून थोर, पण मनाने कोते, असे त्यांनी उतारवयातही जाहीरपणे सांगितले. १९९८ साली दिल्लीत त्यांच्या सत्काराचा समारंभ चालू असतानाच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.

दार उघडले म्हणजे सगळे सुरळीत झाले असेही नाही. १९४० साली अॅना मणी रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. हिरे आणि माणके यांच्या प्रकाशगुणांवर त्यांनी तासन्‌तास बसून काम केले, शोधनिबंध लिहिले, प्रबंध पुरा केला. त्या वेळी पदवी मद्रास विद्यापीठ देत असे. एम.एस्सी. नाही, या कारणावरून विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. त्यांनी फार खंत न करता हवामानशास्त्राची वाट धरली. इंग्लंडहून प्रशिक्षण घेऊन १९४८ साली त्या पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या आणि हवामानाची उपकरणे देशातच बनवण्याच्या कामात त्यांनी आयुष्य घातले. राजेश्वरी चटर्जी १९४३ मध्ये इथे आल्या, अमेरिकेत डॉक्टरेट करून परतल्या आणि याच संस्थेत सूक्ष्मलहरींच्या तंत्रज्ञानाच्या प्राध्यापक व विभागप्रमुख झाल्या.

युद्धाने आणलेली माणसे

रामन यांची संचालकपदाची कारकीर्द वादांची ठरली. १९३७ साली त्यांनी पद सोडले, पण प्राध्यापक म्हणून ते १९४८ पर्यंत इथेच राहिले. त्याच सुमाराला दुसऱ्या महायुद्धाने संस्थेला अनपेक्षित लाभ करून दिला. १९३९ साली केंब्रिजहून सुटीवर आलेले होमी भाभा युद्धामुळे परत जाऊ शकले नाहीत आणि बंगळूरला विश्वकिरणांवर काम करू लागले. विक्रम साराभाईही तसेच आले. देशाच्या अणुकार्यक्रमाचा आणि अवकाशकार्यक्रमाचा पाया घालणारी दोन माणसे काही काळ याच झाडांखालून फिरत होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आरंभही १९४५ साली इथेच झाला; त्याच वर्षी ती मुंबईला आली.

विमानविद्येचा विभाग तर युद्धाचेच अपत्य. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. विमाने जुळवायची, दुरुस्त करायची, तर माणसे कोण तयार करणार? १९४२ च्या डिसेंबरात संस्थेत हा विभाग सुरू झाला आणि तो उभा करणाऱ्यांत कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे आघाडीवर होते. जर्मनीत गटिंगेनला प्रांट्‌ल यांच्या हाताखाली शिकलेला हा माणूस. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एच.टी.-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९५१ साली आकाशात उडाले. देशातच आराखडा होऊन कारखान्यात रांगेने तयार झालेले इंजिनाचे ते पहिले विमान. घाटग्यांचे नाव महाराष्ट्रात जितके माहीत असायला हवे तितके नाही.

याच विभागातले सतीश धवन १९६० नंतरच्या दशकात संस्थेचे संचालक झाले आणि १९८१ पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. साराभाईंच्या निधनानंतर अवकाश कार्यक्रम हाती घ्या, असे बोलावणे आले, तेव्हा त्यांनीही अटी घातल्या : टाटा इन्स्टिट्यूटचे काम सोडणार नाही आणि अवकाश कार्यक्रमाचे मुख्यालय बंगळूरला राहील. दोन्ही मान्य झाल्या. आज इस्रोचा पत्ता बंगळूरचा आहे, तो यामुळे.

धवन यांच्याच काळात, १९७४ साली, अमूल्य रेड्डी यांनी खेड्यांसाठी ‘अस्त्र’ नावाचे केंद्र सुरू केले. उपग्रहांची चर्चा चालणाऱ्या आवारात एक गट चुलीचा अभ्यास करू लागला. खेड्यातली बाई सरपणासाठी किती वेळ घालवते, तीन दगडांच्या चुलीतली किती उष्णता वाया जाते आणि धूर किती कोंडतो, याची मोजमापे झाली. त्यातून कमी लाकडात पेटणारी, धूर बाहेर काढणारी ‘अस्त्र ओले’ ही चूल तयार झाली. ओले म्हणजे कन्नडमध्ये चूल. कर्नाटकातल्या असंख्य घरांत ती पोहोचली.

त्याच १९७४ सालची आणखी एक हकीकत. सुधा कुलकर्णी नावाची मुलगी इथे संगणकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. सूचनाफलकावर पुण्याच्या टेल्को कंपनीची इंजिनिअरांसाठी जाहिरात लागली. खाली टीप : स्त्रियांनी अर्ज करू नये. तिने रागाच्या भरात एक पोस्टकार्ड घेतले आणि थेट जे. आर. डी. टाटांना लिहून टाकले. टाटांनी ज्या देशात विज्ञानाची संस्था काढली, त्याच टाटांच्या कंपनीत हा भेदभाव का, असा तिचा रोख होता. उत्तरादाखल मुलाखतीचे बोलावणे आले, आणि पुण्यात तिला नोकरी मिळाली. हीच मुलगी पुढे सुधा मूर्ती या नावाने सर्वांना माहीत झाली. चाळीस वर्षांपूर्वी कमला भागवत यांना उंबरठ्यावर उभे राहून जे विचारावे लागले होते, ते आता एका कार्डावर विचारता आले.

संस्थेला १९५८ साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बारावीनंतरच्या मुलांसाठी चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम २०११ मध्ये सुरू झाला. तोवर इथे फक्त वरचे शिक्षण आणि संशोधन होते. केंद्र सरकारने २०१६ साली शिक्षणसंस्थांची क्रमवारी लावायला सुरुवात केली. तेव्हापासून २०२५ पर्यंत विद्यापीठांच्या यादीत पहिले नाव याच संस्थेचे राहिले आहे.

मुलाबाळांसह बंगळूरला जाणाऱ्यांनी आपली सहल जमल्यास ‘ओपन डे’ला जुळवून घ्यावी. वर्षातून एकदा, बहुधा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास एका शनिवारी, संस्थेचे सगळे विभाग लोकांसाठी खुले असतात; प्रवेशाला पैसे पडत नाहीत. नक्की तारीख आधी विचारून घ्यावी. मुंबईहून उद्यान एक्स्प्रेस पुणे, सोलापूरमार्गे बंगळूरच्या मुख्य स्टेशनावर नेऊन सोडते. तिथून मेट्रोच्या हिरव्या मार्गाने सँडल सोप फॅक्टरी स्थानक, आणि पुढे थोडे अंतर रिक्षाने. सकाळी लवकर पोहोचलेले बरे, कारण दुपारपर्यंत गर्दीने रस्ते फुलून जातात. शाळेच्या गणवेशातली मुले-मुली वारा-बोगद्यापुढे रांगा लावतात, द्रवरूप नायट्रोजनच्या धुरात हात घालू पाहतात आणि पांढऱ्या कोटातल्या संशोधक तायांना एकामागून एक प्रश्न विचारून भंडावून सोडतात.